तुमच्या लेकीला मैत्रीण आहे

पत्र (संक्षिप्त): ताई, माझी मुलगी आठ वर्षांची आहे, तिसरीत. नाशिकला आमच्या सोसायटीत तिच्या वयाच्या सात-आठ मुली आहेत. संध्याकाळी सगळ्या खाली खेळतात आणि ही घसरगुंडीला टेकून नुसती बघत उभी राहते. माझे वडील पाटबंधारे खात्यात होते. पैठण, पवनी, भीमानगर असं करत दहावीपर्यंत माझ्या पाच शाळा झाल्या. पवनीहून भीमानगरला आले तेव्हा पहिल्याच दिवशी एकीला 'काय करून राहिली तू?' असं विचारलं आणि वर्ग वर्षभर मला ते वाक्य ऐकवत राहिला. मधल्या सुट्टीत मी हापशामागे बसून डबा खायचे. लेकीच्या वाट्याला ते येऊ नये म्हणून माझी धडपड चालते. मी स्वतः जाऊन मुलींना सांगते, हिलाही घ्या. वाढदिवसाला अख्खा वर्ग बोलावला, तर ही आतल्या खोलीत खालच्या मजल्यावरच्या पहिलीतल्या मुलीबरोबर चित्रं काढत बसली. मिस्टर म्हणतात, 'तूच तिला बावळट करतेस. आम्हाला कोणी शिकवलं होतं?' ते साताऱ्याचे, शनिवार पेठेतल्या वाड्यात वाढलेले. त्यांची गँग अजून कोजागरीला जमते. माझं चुकतंय का? व्यक्तिमत्त्व विकासाचा एक क्लास आहे, तिथे घालू का?
– एक आई, नाशिक

सप्रेम नमस्कार.

वर छापलाय तो तुमच्या पत्राचा अर्क. मूळ पत्र पाच पानांचं आहे आणि त्यात ती खालच्या मजल्यावरची पहिलीतली मुलगी चार वेळा येते. वाढदिवसाला येते, गौरीच्या सजावटीला येते, लेक तापाने झोपली होती तेव्हा जिन्यात बसून राहिलेली म्हणून येते, आणि शेवटी लेकीने स्वतःच्या खाऊतला अर्धा लाडू रुमालात बांधून ठेवला तो हिच्यासाठी, म्हणून येते. चारही वेळा तुम्ही तिला 'ती खालची मुलगी' म्हटलंय. मैत्रीण एकदाही म्हटलेलं नाही.

मग लेकीला मैत्रीण नाही हे ठरवलं कोणी? माझ्या मते, हापशामागे डबा खाणाऱ्या मुलीने. तिला हवा होता तो घोळका. पाचवीतल्या त्या मुलीला हसणारा सगळा वर्ग एका बाजूला दिसत होता आणि आपण एकटे दुसऱ्या बाजूला. त्यामुळे त्या घोळक्यात शिरणं म्हणजेच सुटका, असा हिशेब तिने मांडला. तिच्या जागी तो बरोबरच होता. आज तीच मुलगी सोसायटीच्या बाकावर बसून तुमच्या लेकीचे मार्क मोजते आहे, आणि दोन वर्षांनी लहान असलेली एक सखी तिच्या हिशेबात धरलीच जात नाही.

तुमच्या पत्रातली आणखी एक गोष्ट मला खटकली. लेक स्वतः काय म्हणते ते त्यात जवळजवळ नाहीच. 'मला कोणी घेत नाही' असं ती म्हणाल्याची एकही ओळ मला सापडली नाही. ती रात्री रडते असं नाही, शाळेत जायला कुरकुरते असंही नाही. वाढदिवसाच्या रात्री रडलात तुम्ही, आणि तिने विचारलं, 'आई, माझा वाढदिवस छान झाला ना, मग तू का रडतेस?' हे वाक्य तुम्ही दुःखाचा पुरावा म्हणून लिहिलंय. मला त्यात एक मजेत असलेली मुलगी दिसली.

काही मुलं काठावर उभी राहून आधी पाण्याचा अंदाज घेतात. न्यूयॉर्कमध्ये अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस या मानसोपचारतज्ज्ञ दांपत्याने 1956 पासून शंभरावर मुलांचा अगदी तान्हेपणापासून वर्षानुवर्षं माग ठेवला. त्यांच्या पाहणीत साधारण पंधरा टक्के मुलं अशी निघाली, की नवी माणसं, नवी जागा, नवं खाणं दिसलं की आधी मागे सरकायचं, आणि मग आपल्या वेळाने, कुणी ढकललं नाही तर, पुढे यायचं. तो त्यांचा पिंड होता, दोष नव्हे. अशा मुलांना सवड दिली तर ती रुळतात, घाई केली तर आणखी मागे जातात. घसरगुंडीला टेकून उभी असलेली तुमची लेक कदाचित त्यांच्यातली असेल. ती नुसती बघते असं तुम्ही लिहिता, पण त्या मुलींपैकी कोण चिडकी आहे, कोण रडीचा डाव खेळते, कुणाचं कुणाशी बिनसलंय हे तिला विचारून पाहा. इत्थंभूत सांगेल, अशी माझी पैज.

आता तुमच्या मुख्य प्रश्नाकडे येते. माझं बालपण असं गेलं म्हणून मी लेकीला काही शिकवायला नालायक आहे का, असं तुम्ही वेगवेगळ्या शब्दांत तीनदा विचारलंय. तर ऐका. अमेरिकेत ड्यूक विद्यापीठातल्या मार्था पुटालाझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1991 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. लहान मुलांच्या आयांना त्यांनी स्वतःच्या बालपणीच्या सवंगड्यांच्या आठवणी विचारल्या आणि मग त्यांची मुलं इतरांत कशी वागतात ते पाहिलं. आठवणींचे ढोबळ तीन प्रकार निघाले: गोड, कडवट, आणि तिसऱ्या तुमच्यासारख्या, एकटेपणाच्या आणि धाकधुकीच्या. मुलांमध्ये उत्तम मिसळणारी मुलं कुणाची असावीत? गोड आठवणींवाल्या आयांची नव्हे. ती निघाली एकटेपणाच्या आठवणी असलेल्यांची. या आया मुलांच्या मैत्रीत मनापासून लक्ष घालत होत्या. सगळ्यांत मागे होती ती कडवट आठवणींवाल्यांची मुलं. अभ्यास छोटा आहे, एका देशातला आहे, आणि तो फक्त आयांचा आहे (बापांना कोणी विचारलंच नाही, नेहमीसारखं). त्यावरून कुणाची कुंडली मांडू नये. पण 'माझ्याजवळ शिकवण्यासारखं काही नाही' हे तुमचं वाक्य तरी त्यापुढे टिकत नाही. एकटं पडणं म्हणजे काय हे ज्याला माहीत असतं त्याला घोळक्याच्या कडेला उभं असलेलं पोर पटकन दिसतं. तुमच्या मिस्टरांना ते दिसत नाही, कारण ते कधी कडेला उभेच राहिले नाहीत.

म्हणजे लक्ष घालण्यात तुमची चूक नाही. ते कसं घालता, तिथे घोटाळा आहे.

पान तीनवर एक वाक्य तुम्ही सहज लिहून गेला आहात: 'मी तिला सांगत असते, असं केलंस तर तुझ्याशी कोणी खेळणार नाही.' पेन्सिल दिली नाही तर कोणी खेळणार नाही. हट्ट केलास तर कोणी खेळणार नाही. गाल फुगवलेस, मोठ्याने हसलीस, हळू बोललीस, काहीही केलंस तरी शेवट तोच. आपल्याकडे हे वाक्य घराघरांत आहे आणि बहुतेक मुलं ते या कानाने ऐकून त्या कानाने सोडून देतात. पण तुम्ही ते म्हणता तेव्हा ते धमकीसारखं येत नाही, बातमीसारखं येतं. तुमच्या बाबतीत ते घडलेलं आहे, त्यामुळे आवाजात खरेपणा असतो, आणि मुलांना तो कळतो. आठ वर्षांच्या मुलीने त्यातून काय घ्यायचं? जग असं आहे की एक पाऊल चुकलं तर सगळे पाठ फिरवतात. असं वाटणारी मुलगी घसरगुंडीला टेकूनच उभी राहणार. तेव्हा एवढं एक वाक्य आजपासून बंद. पेन्सिल द्यायला हवी असेल तर 'तिची मोडली आहे, दे तुझी' एवढं सांगून भागतं.

तसंच ती खालून वर आली की दारातच 'आज कोणाशी खेळलीस?' हे विचारणं. हजेरी घेतल्यासारखं होतं ते. पोहे खाताना ती आपण होऊन सांगेल ते ऐका. नाही सांगितलं तर नाही.

आता तुम्ही पत्रात लिहिलेला तो खेळाचा प्रसंग. मुली पार्किंगच्या कडेला हॉटेल-हॉटेल खेळत होत्या, पानांच्या थाळ्या, मातीच्या वड्या. लेक लांब उभी राहून बोगनवेलीची फुलं गोळा करत होती. तुम्ही बाकावरून उठलात, जाऊन म्हणालात, 'अगं, हिलाही घ्या ना तुमच्यात.' मुलींनी घेतलं. काकू समोर उभ्या असताना नाही कोण म्हणणार? पाच मिनिटांत खेळ विस्कटला आणि सगळ्या बी विंगकडे पळाल्या. तुम्ही लिहिता की त्यांनी तिला टाकलं. मला वाटतं, त्यांचा खेळ मोडला होता. हॉटेलात मालकीण होती, वाढपी होती, गिऱ्हाईकं होती, आणि अचानक एक मुलगी आली जिला काहीच काम नव्हतं आणि जिच्यामागे एक मोठं माणूस उभं होतं.

चाललेल्या खेळात शिरणं ही एक कला आहे आणि तिचा बारकाईने अभ्यास झालेला आहे. याच पुटालाझबाईंनी जॉन गॉटमन यांच्याबरोबर 1981 मध्ये दुसरी-तिसरीतली, म्हणजे तुमच्या लेकीच्याच वयाची मुलं पाहिली. ज्यांना इतर मुलं झिडकारायची ती खेळात शिरताना स्वतःकडे लक्ष ओढायची: मध्येच प्रश्न विचारायचे, आपलं काहीतरी सांगायचं, नियम चुकतोय म्हणून हरकत घ्यायची. जी सहज सामावली जायची ती आधी खेळ काय चाललाय ते पकडायची आणि त्यालाच धरून बोलायची. 'मला घ्या' ही विनंतीसुद्धा खेळ थांबवते, कारण मग घ्यायचं की नाही यावर बैठक बसते. तीच विनंती आईने केली तर बैठक आणखी लांबते.

ऑस्ट्रेलियात फिनी आणि रसेल यांनी 1988 मध्ये आयांकडे पाहिलं. दोन मुलं खेळत असताना आपल्या मुलाला त्यांच्यात कसं सामील करता, ते. ज्यांची मुलं सवंगड्यांत आवडती होती त्या आया चाललेला खेळ न मोडता आपल्या मुलाला त्यात गोवत होत्या. तुम्हालाही तेच जमवायचं आहे, आणि तेही लांबून. मुलगी शेजारी उभी असताना हळूच म्हणा, 'त्यांचं हॉटेल दिसतंय गं. भाजी कुठून आणत असतील?' बस. तिच्या ओंजळीत बोगनवेलीची फुलं आहेत. ती उद्या नाही तर परवा जाऊन म्हणेल, 'मालक, ताजी भाजी आणलीय, किती किलो देऊ?' कुठल्या हॉटेलवाल्याने भाजीवालीला परत पाठवलंय? आणि नाही गेली, तर फुलं घेऊन खालच्या मैत्रिणीकडे जाईल. तेही चालेल.

शिवाय नकार येणारच, हे धरून चाला. विल्यम कॉर्सारो नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने बालवाडीत मुलांच्यात बसून नोंदी केल्या. तिथे खेळात शिरायच्या पहिल्या प्रयत्नाला निम्म्याच्या आसपास वेळा विरोध होत होता. मुलांना आपला जमलेला खेळ राखायचा असतो, त्यात दुष्टावा नसतो. घटकाभराने तीच मुलं त्याच मुलाला घेतात. 'नाही' ऐकल्यावर लेकीपेक्षा तुमचा चेहरा जास्त उतरतो का, एवढं बघा. ती वर तुमच्या बाकाकडे पाहते तेव्हा तिला भीमानगरची शाळा दिसायला नको. जमत नसेल तर बाकावर एखादं पुस्तक घेऊन बसा किंवा चक्क शेजारणीशी गप्पा मारा. हे मी गमतीने म्हणत नाही. पाच पानांत तुमच्या स्वतःच्या एकाही मैत्रिणीचा उल्लेख नाही. मुलगी तुम्हाला रोज बाकावर एकटं आणि सावध बसलेलं पाहते. तुम्ही कुणाच्या घरी वाटीभर साखर मागायला गेलात, कुणावर रुसलात, चार दिवसांनी पुन्हा बोलायला लागलात, हे तिला दिसलं तर त्याला निराळ्या शिकवणीची गरज नाही.

आता मिस्टर. ही दोन परिच्छेदांची जागा त्यांना वाचायला द्या.

दादा, 'आम्हाला कोणी शिकवलं होतं?' असं तुम्ही विचारता. सांगते. तुम्हाला अख्ख्या वाड्याने शिकवलं. चार वर्षांचे असताना मोठ्या भावाचा हात धरून तुम्ही डबा ऐसपैसमध्ये गेला असाल, तेव्हा कुणीतरी ओरडलं असेल, 'हा कच्चा लिंबू!' म्हणजे खेळायचं सगळ्यांबरोबर, पण राज्य घ्यायचं नाही, आऊट झालं तरी आऊट धरायचं नाही. खेळ समजेपर्यंत, दोन-दोन वर्षंसुद्धा, हा मान असायचा. नव्या, बुजऱ्या, लहान पोराला सामावून घेण्याची याहून चांगली सोय कुठल्या शाळेत मी पाहिलेली नाही. राज्य कुणावर हे भांडून ठरायचं नाही, चकून ठरायचं. गुडघा फुटला, बूट सुटला, जीव घाबरला की 'टाइमप्लीज' म्हणून थांबता यायचं आणि कुणी भित्रा म्हणायचं नाही. भांडण झालं की कट्टी, आणि मिटलं की बट्टी. माफी मागायची लाजही वाटायची नाही, कारण दोन बोटं पुढे केली की भागायचं. नियम मोडला तर ओरडायला सात वर्षांपासून पंधरा वर्षांपर्यंतची पोरं तयार. एवढं सगळं तुमच्या आजूबाजूला होतं, म्हणून ते आपोआप आलं असं वाटतं. श्रीमंत घरात वाढलेल्याला पैसा आपोआप येतो असं वाटतं, त्यातलाच प्रकार.

तुमच्या लेकीच्या सोसायटीत सगळ्या मुली एका वयाच्या, एकीची अबॅकसची वेळ पाचची तर दुसरीची साडेपाचची, आणि 'कच्चा लिंबू' म्हणणारं मोठं पोर कोणीच नाही. तेव्हा बायकोला बावळटपणाचं प्रमाणपत्र देण्यापेक्षा रविवारी सकाळी तासभर खाली उतरा. सोसायटीतली पहिलीपासून सातवीपर्यंतची जमतील ती मुलं गोळा करा, डबा ऐसपैस नाही तर लगोरी शिकवा, नियम समजावून सांगा, कच्चे लिंबू ठरवा आणि खेळ रंगला की बाजूला व्हा. पंच म्हणून उभे राहू नका, मुलांची भांडणं मुलांना मिटवू द्या. खालच्या मजल्यावरच्या मुलीला तुमची लेक हात धरून आणेल. तिला कच्चा लिंबू करायचा हक्क लेकीला द्या. आजवर ती काठावर होती, आता कुणालातरी आत घेणारी होईल.

इतर वाचकांपैकी ज्यांच्या आठवणी कडवट आहेत, ज्यांना शाळेत मारलं, लुटलं, नावं ठेवली गेली, त्यांच्यासाठी थोडंसं. तुमची पत्रंही येतात, आणि त्यांत बहुधा असतं, 'मी सांगून ठेवलंय, एक मारली तर दोन हाण.' धक्का चुकून लागला की मुद्दाम मारला, याचा निवाडा तुमचं मूल तुमच्याकडून शिकतं. ते घरी येऊन 'त्याने मला ढकललं' म्हणालं तर आधी 'मग काय झालं?' एवढंच विचारा. तुमच्या जुन्या वर्गातल्या त्या दांडगटाचा हिशेब याच्या बाकावरच्या मुलाकडून वसूल व्हायला नको.

नाशिकच्या ताई, काळजी कधी करायची तेही सांगून ठेवते. लेक स्वतः म्हणायला लागली की मला खेळायचंय पण कोणी घेत नाही, किंवा शाळेच्या दिवशी सकाळी पोट दुखतं आणि रविवारी दुखत नाही, किंवा वस्तू हरवायला लागल्या, डबा न खाता परत येऊ लागला, किंवा खालच्या मैत्रिणीकडे जाणंही तिने बंद केलं, तर मात्र थांबू नका. वर्गशिक्षिकांना भेटा आणि नेमकं विचारा: मधल्या सुट्टीत ती कुठे असते, कोणाजवळ बसते, गटात काम करताना बोलते का. शाळेत समुपदेशक असतील तर त्यांनाही भेटा. बुजरेपणा वेगळा आणि कुणी छळत असणं वेगळं. दुसऱ्या गोष्टीत मोठ्यांनी पडायलाच हवं. भीमानगरच्या त्या वर्गात एका शिक्षकाने एकदा जरी पोरांना गप्प केलं असतं, तर तुमचं ते वर्ष निराळं गेलं असतं. तिथे कमी पडले ते मोठे लोक, तुमची बोली नव्हे. लेकीला ती गोष्ट सांगू का असंही तुम्ही विचारलंय. सांगा की. पण गोष्ट म्हणून सांगा, पवनीच्या बोलीसकट आणि पोरांच्या नकलांसकट, आणि नंतर कधीतरी कॉलेजात तुम्हाला जी कोणी पहिली मैत्रीण भेटली असेल तिच्यापर्यंत आणून सोडा. हापशाशी गोष्ट संपवू नका.

राहिला क्लास. माहितीपत्रक तुम्ही सोबत जोडलंय ते पाहिलं. स्टेजवर उभं राहून बोलणं, हस्तांदोलन, 'आत्मविश्वासपूर्ण देहबोली'. शनिवार-रविवार सकाळी नऊ ते अकरा. घालू नका. डबा ऐसपैसची वेळ नेमकी तीच आहे. ते पैसे वाचतील त्यातून खालच्या मैत्रिणीला एक दिवस राहायला बोलवा, तिच्या आईला आधी विचारून, आणि दोघींना चित्रं काढायला चांगले मोठे कागद आणून द्या.